मेजर, मायनर आणि कुडलचा दगड : कला, भाषा आणि गणिताची पदवी आतून कशी असते

दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना जिथे एकमेकींना मिळतात, तिथे हत्तरसंग कुडलचं संगमेश्वराचं मंदिर आहे. तिथल्या दगडावर एक ओळ कोरलेली आहे : ‘वाछि तो विजेया होइवा’. म्हणजे, जो वाचेल तो विजयी होईल. सोलापूरचे शिलालेख संशोधक आनंद कुंभार यांनी हा लेख उजेडात आणला. त्यावर शके 940 हे वर्ष आहे, म्हणजे इसवी सन 1018. वर्ष नोंदलेल्या अगदी जुन्या मराठी लेखांमध्ये याची गणना होते. ज्ञानेश्वरी लिहिली गेली 1290 मध्ये, आणि ही ओळ तिच्याही पावणेतीनशे वर्षं आधीची.

जून महिन्यात प्रवेशाच्या मदतकक्षात बसलो की मला या ओळीची आठवण येते. समोर पालक येतात, हातात बारावीचं गुणपत्रक असतं आणि माहितीपत्रकाचं ते पान उघडलेलं असतं ज्यावर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस अशी अक्षरं रांगेनं छापलेली असतात. गेल्या वर्षी चादरीच्या कारखान्यात मागावर काम करणारे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. घरी तेलुगू, बाहेर मराठी. त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला, ‘‘सर, ही म्हणती मराठी घेते. मराठी तर तिला येतंच की. त्यात तीन वर्षं काय शिकवणार?’’

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय त्या अक्षरांच्या रांगेला काही अर्थ नाही. म्हणून आधी विषयांच्या आत जाऊ, अक्षरांकडे नंतर वळू.

मी त्यांना विचारलं, ‘‘जेवायला बसताना ‘आपण जेवू’ म्हणता आणि ‘आम्ही जेवतो’ म्हणता, यात फरक काय?’’ त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘‘‘आपण’ म्हटलं की समोरचा पण आला. ‘आम्ही’ म्हटलं की तो नाही आला.’’ मग मी विचारलं, तेलुगूत? ‘‘मनम् आणि मेमु,’’ मुलीनं लगेच सांगितलं. तिथेही तोच फरक. हिंदीत मात्र दोन्हींसाठी एकच ‘हम’. संस्कृतातही असे दोन वेगळे शब्द नाहीत. मग संस्कृत-प्राकृताच्या वंशातल्या मराठीत हा भेद आला कुठून? शेकडो वर्षं कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्यांच्या शेजारी राहून आला, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपलं ‘तूप’ कन्नडातल्या ‘तुप्प’शी जुळतं. अण्णा आणि अक्का तर तिन्ही घरांत आहेत.

भाषेच्या पदवीत जे शिकवतात त्यातला मोठा भाग हा असा असतो. भाषा येणं वेगळं आणि भाषा कशी चालते ते कळणं वेगळं. सायकल चालवता येणाऱ्याला ती खोलून पुन्हा जोडता येईलच असं नाही. मराठीच्या पदवीत व्याकरण आणि भाषाविज्ञान असतं, संतसाहित्य असतं (पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या जिल्ह्यात ते पुस्तकाबाहेरही भेटतं), आधुनिक कथा-कविता, समीक्षा, बोली आणि आता बऱ्याच ठिकाणी मुद्रितशोधन, भाषांतर, माध्यमांसाठी लेखन असे हाताला काम देणारे पेपरही असतात. आपल्या शहराला इथे एक मोठी संधी आहे, असं मला मनापासून वाटतं. कन्नड आणि तेलुगूला 2008 साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला. अशा तीन अभिजात भाषा आणि त्यांच्या जोडीला उर्दू, हे सगळं एकाच गल्लीत ऐकू येणारी शहरं फार थोडी. ज्या मुलीला दोन भाषा घरातूनच मिळाल्या आहेत, तिच्याकडे भाषांतराचं अर्धं भांडवल आधीच आहे. पण ती भाषा अर्जावर ‘घरी बोलतो’ एवढ्याच रकान्यात राहते.

आता इतिहास. शाळेत इतिहास म्हणजे सनावळ्या आणि कारणे लिहा. मी स्वतः बारावीनंतर इतिहास घेतला तो पाठांतर चांगलं होतं म्हणून. पहिलं वर्ष सरेपर्यंत मला कळलंच नव्हतं की पदवीचा इतिहास पाठांतराचा नाहीच. इथे प्रश्न असतो : हे तुला कसं कळलं? सोलापूरचंच उदाहरण घ्या. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, शहरात लष्करी कायदा लागला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिली गेली. चार हुतात्म्यांचं नाव ठाऊक नाही असा सोलापूरकर नसेल. पण इतिहासाचा विद्यार्थी याच घटनेकडे बसतो तेव्हा त्याच्यासमोर सरकारी अहवाल असतो, त्या काळचं वर्तमानपत्र असतं, खटल्याची कागदपत्रं असतात, कुणाच्या घरातल्या आठवणी असतात. ही चारही एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. कुणी, कधी, कुणासाठी लिहिलं, हे पाहून प्रत्येकाचं वजन ठरवायचं. हे ठरवायला शिकणं म्हणजे इतिहासाची पदवी. हीच नजर पुढे पत्रकारितेत, वकिलीत, प्रशासनात कामाला येते, कारण तिथेही रोज चार जण चार गोष्टी सांगत असतात.

राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल हीही याच कुळातली. त्यांतल्या अर्थशास्त्र, भूगोल आणि मानसशास्त्रात आकडेमोड आणि संख्याशास्त्र बऱ्यापैकी येतं, हे प्रवेशाआधी मुलांना सांगायला हवं. ‘गणित नको म्हणून आर्ट्‌स’ असं ठरवून आलेली मुलं दुसऱ्या वर्षी अडखळतात.

गणिताबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. बारावीपर्यंत गणित म्हणजे उदाहरण सोडवणं. पद्धत दिलेली असते, आकडे बदलतात, उत्तर मागच्या पानावर असतं. पदवीच्या गणितात उत्तर बहुतेकदा प्रश्नातच दिलेलं असतं! ‘सिद्ध करा’ एवढंच लिहिलेलं असतं. मग मुलं म्हणतात, उत्तर माहीत आहे तर करायचं काय? करायचं हे की ते तसंच का असलं पाहिजे, दुसरं काही असूच शकत नाही, हे एकही पायरी न गाळता दाखवायचं.

सोलापुरी चादर घ्या. लांबट, चौकोनी. ती पलंगावर अंथरून ठेवली आहे. आता ती उचलून पुन्हा त्याच जागेवर, कडेला कड जुळवून किती वेगवेगळ्या तऱ्हेनं अंथरता येईल? पहिली तऱ्हा : आहे तशीच. दुसरी : डावी-उजवी बाजू बदलून पालथी घातलेली. तिसरी : उशाकडची बाजू पायथ्याशी नेत पालथी घातलेली. चौथी : पालथी न घालता नुसती अर्धी गोल फिरवलेली, म्हणजे वरची बाजू वरच पण उशाकडचं टोक पायथ्याशी. पाचवी तऱ्हा नाही. घरी करून पाहा, कोपऱ्यांना चार रंगांचे दोरे बांधा म्हणजे लगेच दिसेल.

आता गंमत अशी की दुसऱ्या तऱ्हेनं पालथी घाला आणि लगेच तिसऱ्या तऱ्हेनं पालथी घाला, तर चादर चौथ्या तऱ्हेनं अंथरलेली मिळते. क्रम उलटा केला तरी तेच. कुठलीही एक हालचाल दोनदा केली की चादर मूळ जागी. म्हणजे या चार हालचालींचं एक छोटंसं घर आहे. त्यातल्या कुठल्याही दोन हालचाली जोडा, घराबाहेरचं काही येत नाही. अशा घराला गणितात ग्रुप म्हणतात आणि त्याच्या अभ्यासाला ग्रुप थिअरी. चौरस रुमाल घेतलात तर तऱ्हा आठ होतात आणि तिथे क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. स्फटिकांची रचना, रेणूंचे आकार, माहिती गुप्त ठेवण्याच्या पद्धती, या सगळ्यांत हीच कल्पना वापरतात. मी हे सांगितलं तेव्हा त्या मुलीचे वडील म्हणाले, ‘‘हे आम्ही घडी घालताना रोज करतो.’’ खरंच आहे. त्यांना हालचाली माहीत होत्या. त्यांचे नियम लिहून काढणं आणि ते नियम चादर नसतानाही वापरणं, हे गणिताचं काम.

म्हणून गणित निवडताना ‘मार्क चांगले होते’ हे एकच कारण पुरत नाही. एखाद्या गोष्टीवर तासभर बसून काहीच हाती न लागणं सोसतं का, हे मुलानं स्वतःला विचारावं. सोसत असेल आणि पुन्हा बसावंसं वाटत असेल, तर पंचावन्न टक्क्यांचा मुलगाही गणितात रमतो. मी असे पाहिले आहेत.

आता त्या अक्षरांकडे येऊ.

आपल्याकडे पूर्वी सगळी महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. 1 ऑगस्ट 2004 ला सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं, तेही एकाच जिल्ह्यासाठी. आज त्याचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. राज्याच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यानुसार विद्याशाखा चार : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. भाषा आणि इतिहास मानव्यविद्येत, गणित विज्ञानात. ही विभागणी लक्षात ठेवा, कारण ओपन इलेक्टिव्ह (रांगेतला ओई) तिच्यावरच ठरतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी क्रेडिटवर मोजतात. क्रेडिटला मराठीत श्रेयांक म्हणतात, पण कॉलेजात सगळे क्रेडिटच म्हणतात. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले साधारण 15 तास, प्रात्यक्षिक असेल तर 30 तास. एका सत्रात 20 ते 22 क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132, चार वर्षांच्या ऑनर्सला 160 ते 176.

मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय, पदवी ज्याच्या नावानं मिळते तो. मायनर म्हणजे जोडविषय, त्याला साधारण 18 ते 20 क्रेडिट. तो मेजरच्याच विद्याशाखेतला असू शकतो किंवा दुसऱ्या विद्याशाखेतला. अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय जवळपास सारख्या वजनानं शिकायचे आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यातला एक मेजर, एक मायनर ठरवायचा, अशी पद्धत आहे. तुमच्या कॉलेजात कशी आहे ते विचारून घ्या, कारण पहिल्या दिवशी घेतलेले तीन विषयच पुढची वाट ठरवतात.

ओपन इलेक्टिव्ह, म्हणजेच ओई, हा तुमच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. मराठीच्या मुलीला इथे गणिताचा, संगणकाचा किंवा वाणिज्याचा पेपर घेता येतो, गणिताच्या मुलाला इतिहासाचा किंवा भाषेचा. माझ्या मते या सगळ्या रचनेतला हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. मुलं ओई निवडताना फक्त ‘कुठला सोपा’ एवढंच विचारतात.

व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्याचे पेपर : एक तुमच्या विषयाशी जोडलेला व्यवसाय, दुसरं सर्वसाधारण कौशल्य. एईसी म्हणजे भाषा वापरण्याची क्षमता, इंग्रजी आणि एक भारतीय भाषा. व्हीईसी म्हणजे पर्यावरण, संविधान यांसारखे मूल्यशिक्षणाचे पेपर. आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा. एनएसएस, एनसीसी, खेळ, योग यांनाही क्रेडिट आहे. पुढच्या वर्षांत ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकणं, आणि फील्ड प्रोजेक्ट येतात. फील्ड प्रोजेक्टला कुडलला जा, एखाद्या कारखान्यातल्या मागाच्या भागांची तेलुगू-मराठी नावं गोळा करा. जिल्ह्यात विषयांना तोटा नाही.

गुणांचा हिशेब एकदा हातानं करून बघा, म्हणजे कुठे जोर लावायचा ते कळतं. दहाच्या मोजपट्टीवर प्रत्येक पेपरला ग्रेड पॉइंट मिळतात. समजा एका सत्रात चार-चार क्रेडिटचे तीन विषय आहेत आणि त्यात 9, 8 आणि 7 पॉइंट मिळाले. गुणाकार झाले 36, 32 आणि 28, बेरीज 96. दोन-दोन क्रेडिटचे पाच पेपर आहेत, त्यात 10, 8, 8, 9 आणि 8 मिळाले. त्यांचे गुणाकार 20, 16, 16, 18, 16, बेरीज 86. एकूण 182, भागिले 22 क्रेडिट, म्हणजे 8.27. हा त्या सत्राचा एसजीपीए. आता चार क्रेडिटच्या विषयात 9 च्या जागी 7 पडले, तर तो 7.91 वर येतो. दोन क्रेडिटच्या पेपरात तेवढेच दोन पॉइंट गेले, तर 8.09 राहतो. वेळ कमी असेल तर आधी कुठला पेपर सांभाळायचा, ते यातून दिसतं. सगळ्या सत्रांचा मिळून जो निघतो तो सीजीपीए.

मध्येच शिक्षण थांबलं तर? आपल्याकडे हे फार होतं, विशेषतः मुलींचं, आणि घरातलं कमावतं माणूस आजारी पडलं की मुलांचंही. पहिलं वर्ष पूर्ण करून कौशल्याचे चार जादा क्रेडिट मिळवले तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनंतर तसंच केलं तर पदविका. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. यासाठी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं असतं, मिळवलेले क्रेडिट त्यात जमा राहतात. ते डिजिलॉकरमधून उघडता येतं. पहिल्याच महिन्यात ते उघडा आणि नाव आधारवर आहे तसंच, काना-मात्रेसकट जुळतंय का ते बघा. एका मुलीच्या नावात वडिलांचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं लिहिलेलं होतं आणि तिचे क्रेडिट खात्यात यायला एक पूर्ण सत्र गेलं. त्या काळात तिला दुसरीकडे प्रवेश घेता आला नाही.

चौथं वर्ष सगळ्यांसाठी नाही. तीन वर्षांत पदवी घेऊन दोन वर्षांचं एम.ए. किंवा एम.एस्सी. करण्याचा रस्ता आहेच. चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के असतील तर थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र ठरता येतं, हा त्यातला मोठा फरक. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, शाळेत शिकवायचं तर बी.एड. आणि पात्रता परीक्षा. गणितवाल्यांना आयआयटीत एम.एस्सी. करायची असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा आहे, तिची तयारी दुसऱ्या वर्षापासून लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयांत इतिहास आहे, गणित आहे आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषांचं साहित्य आहे.

पुन्हा थोडं कुडलकडे. शके 940 म्हणजे 1018, हे 78 मिळवून आलं. पण शक वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून लेख पौष-माघातला असेल तर जानेवारी लागल्यावर 79 मिळवावे लागतात. चांद्रमास साधारण 29.53 दिवसांचा, बारा महिन्यांचे 354 आणि थोडे, सौर वर्षापेक्षा जवळपास 11 दिवस कमी. म्हणून 19 वर्षांत 7 अधिक महिने घालावे लागतात. एखाद्या लेखात तिथी आणि वार दोन्ही दिलेले असतील, तर हे गणित मांडून ते जुळतात का ते तपासता येतं, आणि जुळले नाहीत तर लेखाच्या वाचनाकडे किंवा त्याच्या खरेपणाकडे पुन्हा बघावं लागतं. ‘होइवा’ हे रूप कुठल्या काळातलं ते भाषेचा अभ्यासक सांगतो. मंदिर कुणाच्या राजवटीतलं ते इतिहासाचा. एका दगडाला तिघं लागतात.

त्या मुलीनं मराठी, इतिहास आणि तेलुगू असे विषय मागितले. जवळच्या कॉलेजात तेलुगू नव्हतं, ते बसनं लांबच्या कॉलेजात मिळत होतं. वडिलांनी बसचा पास किती पडेल ते विचारलं, मग खिशातून पेन काढून माहितीपत्रकावर खूण केली. ओईच्या रकान्यात तिनं गणिताचा पेपर लिहिला. मी तिला एवढंच सांगितलं की विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम फुकट वाचायला मिळतो, शुल्क भरण्याआधी तिन्ही विषयांच्या पहिल्या सत्राची पानं वाच, आणि विषय बदलायची शेवटची तारीख कोणती ते कार्यालयातून लिहून घे.